उणीव कोणाची, गोळी कोणाला

१९७०च्या दशकात जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे कुपोषित बालकांवर उपचार करणाऱ्या डॉ. मायकेल गोल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अगदी साधा दिसणारा प्रयोग केला. मुलाच्या एका हातावर झिंक सल्फेट या जस्ताच्या क्षाराचे मलम लावायचे, दुसऱ्या हातावर जस्त नसलेले मलम लावायचे, आणि दोन्ही ठिकाणी कॅन्डिडा या बुरशीच्या अर्काची बारीकशी सुई त्वचेत द्यायची. ही बुरशी आपल्या अंगाखांद्यावर कायम वावरत असल्यामुळे धडधाकट शरीराला ती ओळखीची असते आणि सुई दिलेल्या जागी एक-दोन दिवसांत लालसर, घट्ट फुगवटा येतो. तो येणे म्हणजे टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, जाग्या असल्याची खूण. कुपोषित मुलांमध्ये हा फुगवटा जेमतेम येतो किंवा येतच नाही. किंग्स्टनच्या त्या मुलांमध्ये जस्ताचे मलम लावलेल्या बाजूला तो दुसऱ्या बाजूपेक्षा मोठा आला.

वैद्यकीय संशोधनात तुलनेसाठी दोन गट घेतले की वय, घर, आहार, आधीचे आजार असे शंभर फरक आड येतात आणि ते मिटवण्यासाठी हजारो रुग्ण जमवावे लागतात. इथे मात्र मूल एकच, त्याचे रक्त एकच, त्याने खाल्लेले अन्नही एकच. वेगळे होते ते फक्त दोन हातांवरचे मलम. या प्रयोगाच्या आदल्या वर्षी, १९७७मध्ये, याच गटाने दाखवून दिले होते की कुपोषणातून सावरत असलेल्या मुलांना तोंडावाटे जस्त दिले की आक्रसून गेलेली थायमस ग्रंथी छातीच्या एक्स-रेमध्ये पुन्हा वाढलेली दिसते. टी-पेशी तयार होतात त्या या ग्रंथीच्या शाळेत, त्यामुळे दोन्ही निष्कर्ष एकमेकांना धरून होते.

मी नोकरीची सगळी वर्षे एका रुग्णालयाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत काढली. साखर, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या हे आमचे रोजचे काम. जस्ताची तपासणी क्वचितच येई. गेल्या काही वर्षांत मात्र चित्र पालटले. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये जस्त आले, औषधांच्या दुकानात काउंटरवरच झिंकच्या पट्ट्या दिसू लागल्या, आणि नात्यागोत्यातली माणसे अहवालाचा फोटो पाठवून विचारू लागली, “अगं, माझं झिंक कमी आलंय, गोळी सुरू करू का?” त्यांना एका वाक्यात उत्तर देणे मला कधीच जमले नाही, कारण या धातूविषयी गेल्या साठ वर्षांत जे शोधले गेले त्याचा सगळा अर्थ एका प्रश्नाभोवती फिरतो: हे ज्याला द्यायचे, त्याच्यात त्याची उणीव आहे का? उणीव भरून काढणे आणि असलेली शक्ती वाढवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम जस्त फार चोख करते. दुसरे ते करते याचा पुरावा अगदी तुटपुंजा आहे, आणि ‘इम्युनिटी बूस्टर’ या शब्दांखाली विकले जाते ते नेमके दुसरे.

माणसाला जस्ताची उणीव होऊ शकते, हेच मुळात फार उशिरा मान्य झाले. बुरशीला वाढीसाठी जस्त लागते हे फ्रान्समध्ये १८६९मध्येच समजले होते. उंदरांना ते लागते हे १९३४मध्ये सिद्ध झाले. माणसाच्या बाबतीत मात्र तज्ज्ञांची अशी पक्की समजूत होती की जवळजवळ प्रत्येक अन्नपदार्थात जस्त असतेच, तेव्हा ते कमी पडेलच कसे? या समजुतीला पहिला तडा गेला तो इराणच्या शिराझ शहरात. बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद पाटण्याला वैद्यकीय शिक्षण घेऊन पुढे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात शिकले आणि १९५८मध्ये शिराझच्या रुग्णालयात रुजू झाले. तिथे त्यांच्यापुढे एक २१ वर्षांचा शेतकरी आणण्यात आला, जो दिसायला दहा वर्षांच्या मुलाएवढा होता. दाढी-मिशा नाहीत, वयात आल्याची कोणतीही खूण नाही, त्वचा खरखरीत, यकृत आणि पाणथरी वाढलेली, रक्तात लोहाची भयंकर कमतरता. आहार विचारला तर बिनखमिराची गव्हाची रोटी आणि फारसे काहीच नाही; शिवाय तो रोज सुमारे अर्धा किलो माती खात असे.

लोह कमी असल्याने रक्त कमी झाले हे ठीक, पण लोहाच्या उणिवेने प्राण्यांची वाढ आणि लैंगिक विकास असा खुंटत नाही, हे प्रसाद यांना ठाऊक होते. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमध्ये असे होते ते जस्त कमी पडल्यावर. असे आणखी रुग्ण थोड्याच अवधीत त्याच रुग्णालयात सापडले आणि १९६१मध्ये प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपली शंका शोधनिबंधात मांडली. ती सिद्ध करण्याचे काम कैरो येथील अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय संशोधन केंद्रात झाले. तिथल्या अशाच तरुणांच्या रक्तात जस्त कमी असल्याचे १९६३पर्यंत दिसून आले, आणि जस्त दिल्यावर त्यांची उंची वर्षभरात पाच-सहा इंचांनी वाढली. प्रसाद यांनी पुढे अनेकदा नोंदवलेली एक गोष्ट मला त्या उंचीपेक्षाही महत्त्वाची वाटते: शिराझजवळच्या खेड्यांतली अशी खुजी माणसे सहसा पंचविशीच्या पलीकडे जगत नसत आणि त्यांचे मरण बहुतेक वेळा कुठल्यातरी संसर्गाने येई. जस्त आणि रोगप्रतिकारशक्ती यांच्या नात्याची पहिली नोंद या निरीक्षणात आहे. एवढे होऊनही अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने जस्ताला माणसासाठी अत्यावश्यक पोषकद्रव्य म्हणून मान्यता दिली ती १९७४मध्ये.

मान्यता मिळायला हातभार लावला तो एका दुर्मीळ जन्मजात आजारानेही. अ‍ॅक्रोडर्माटायटिस एन्टेरोपॅथिका असे त्याचे लांबलचक नाव. बाळाचे अंगावरचे दूध तुटले की तोंडाभोवती, गुदद्वाराभोवती आणि हातापायांच्या टोकांना चट्टे उठतात, केस गळतात, जुलाब थांबत नाहीत, एकामागून एक संसर्ग होतात आणि बाळ दगावते. लंडनमधल्या मॉयनाहन आणि बार्न्स यांनी १९७३मध्ये अशा एका लहान मुलीच्या रक्तात जस्त फार कमी असल्याचे पाहून तिला झिंक सल्फेट दिले, आणि ज्या आजारावर तोवर समाधानकारक उपाय नव्हता तो आटोक्यात आला. आतड्यातून जस्त आत घेणाऱ्या झिप-४ या वाहक प्रथिनाच्या जनुकातला दोष २००२मध्ये सापडला. इतक्या स्वस्त क्षाराने इतका जीवघेणा आजार आटोक्यात आल्याची उदाहरणे वैद्यकात फार थोडी असतील.

यामागची यंत्रणा उलगडत गेली ती बरीचशी अमेरिकेत, डेट्रॉइटमध्ये. प्रसाद यांनी तिथल्या वेन स्टेट विद्यापीठात स्वयंसेवकांना काही महिने अगदी कमी जस्ताचा आहार दिला आणि त्यांच्या पेशींत काय घडते ते पाहिले. थायमस ग्रंथीचे थायम्युलिन नावाचे एक संप्रेरक आहे. जस्ताचा अणू त्याला चिकटलेला असेल तरच ते काम करते. या स्वयंसेवकांच्या रक्तात थायम्युलिनचा प्रभाव घटला, आणि परीक्षानळीत त्याच रक्तात नुसते जस्त मिसळले की तो परत आला. म्हणजे संप्रेरक तयार होत होते, त्याला लागणारा धातूच तेवढा मिळत नव्हता. इंटरल्यूकिन-२ हा टी-पेशींना वाढण्याचा इशारा देणारा रेणूही कमी झाला. ही माणसे आजारी नव्हती, हिंडत-फिरत होती. सौम्य उणीव दिसून येत नाही आणि तरीही आतली व्यवस्था ढिली होते, हे या कामातून कळले.

हे सगळे मूलभूत ज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत आणण्यात सर्वांत मोठा वाटा भारतीय उपखंडाचा आहे, आणि या गोष्टीचा आपल्याकडे पुरेसा उल्लेख होत नाही अशी माझी जुनी तक्रार आहे. जुलाबात मुलाच्या आतड्यातून पाणी आणि मिठाबरोबर जस्तही वाहून जाते. मूल आधीच कमी जस्त खाणारे असेल तर प्रत्येक आजारपणागणिक ते आणखी रिते होते, आणि जितके रिते तितका पुढचा जुलाब अधिक लांबतो. हे चक्र तोडता येईल का, हे पाहण्यासाठी डॉ. सुनील सझावल, डॉ. रॉबर्ट ब्लॅक, डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीतल्या गरीब वस्तीतल्या ९३७ मुलांवर चाचणी केली. वय ६ ते ३५ महिने. एका गटाला रोज २० मिलिग्रॅम जस्त, दुसऱ्या गटाला ते नाही. सलाइनऐवजी पाजायचे मीठ-साखरेचे पाणी दोघांनाही. १९९५मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जस्त मिळालेल्या मुलांत जुलाब चालू राहण्याचा धोका २३ टक्क्यांनी कमी झाला. भान यांचे नाव पुढे रोटाव्हायरसच्या भारतीय लसीशी जोडले गेले. त्या लसीची जितकी चर्चा झाली तितकी या पांढऱ्या गोळीची झाली नाही.

बांगलादेशातील मतलब या ग्रामीण भागात २००२मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी आणखी पुढे गेली. तिथे वस्त्यांचे विभाग पाडून काही विभागांत जुलाबासाठी मीठ-साखरेच्या पाण्यासोबत जस्त दिले गेले आणि बाकीच्यांत नाही. जस्त दिलेल्या भागांत अपघात व इजा वगळता इतर कारणांनी होणारे बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जोडीला असे आढळले की त्या भागांत मीठ-साखरेचे पाणी पाजण्याचे प्रमाण वाढले आणि प्रतिजैविकांचा वापर घटला. मला हा परिणाम फार शहाणा वाटतो. जुलाबाने पिळून निघालेल्या मुलाच्या आईला हातात काहीतरी औषध हवे असते. नुसते पाणी पाजा म्हटले की तिचे समाधान होत नाही आणि मग गावातला डॉक्टर नको ते प्रतिजैविक लिहून देतो. जस्ताच्या गोळीने ती जागा भरून काढली. २००४मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी संयुक्त पत्रक काढून जुलाब झालेल्या प्रत्येक मुलाला १० ते १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम, आणि सहा महिन्यांखालील बाळाला १० मिलिग्रॅम जस्त द्यावे अशी शिफारस केली. आज आशाताईंच्या पेटीत ओआरएसच्या पाकिटाशेजारी विरघळणारी झिंकची गोळी असते, ती या दोन-तीन चाचण्यांच्या बळावर.

इथवरची गोष्ट सरळ आहे. न्यूमोनियाकडे वळलो की ती गुंतते. मतलबच्याच रुग्णालयात न्यूमोनिया झालेल्या २७० लहान मुलांपैकी एका गटाला नेहमीच्या औषधांसोबत रोज २० मिलिग्रॅम जस्त दिले गेले आणि ती मुले इतरांपेक्षा सुमारे एक दिवस आधी बरी झाली. हे २००४मध्ये छापून आले. दोनच वर्षांनी तमिळनाडूतल्या वेल्लोरहून अहवाल आला: दोन वर्षांखालील २९९ मुले, तोच आजार, आणि जस्ताने काहीही फायदा नाही. इतकेच नव्हे, तर कडक उन्हाळ्याच्या महिन्यांत जस्त मिळालेल्या मुलांचा आजार उलट लांबला. न्यूमोनिया हे एका आजाराचे नाव वाटते, पण तो विषाणूने झाला की जिवाणूने, कोणत्या जिवाणूने, आणि मूल मुळात किती रिते होते, यावर उत्तर बदलत असावे, असे मला या दोन अहवालांवरून वाटते. यानंतर २०१२मध्ये डॉ. शिंजिनी भटनागर यांच्या गटाने दिल्लीच्या तीन रुग्णालयांतल्या ७ ते १२० दिवस वयाच्या ७०० तान्ह्या बाळांवरचे निष्कर्ष मांडले. गंभीर जिवाणू संसर्गाची शंका असलेल्या या बाळांना प्रतिजैविकांबरोबर रोज १० मिलिग्रॅम जस्त दिल्यावर उपचार अपयशी ठरण्याचे प्रमाण १७ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. परिणाम लक्षणीय होता. म्हणजे एकीकडे फायदा, दुसरीकडे नाही, तिसरीकडे पुन्हा आहे. टांझानियाच्या पेम्बा बेटावर तर ४२ हजारांहून अधिक मुलांपैकी निम्म्यांना आजार नसतानाही रोज जस्त दिले गेले, आणि २००७मध्ये समजले की मृत्यूंमध्ये झालेली ७ टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

अशा उलटसुलट निष्कर्षांना कंटाळून ‘संशोधक रोज नवीन सांगतात’ असे म्हणणारी माणसे मी खूप पाहिली. मला त्यात गोंधळ दिसत नाही. मियामीतल्या एचआयव्हीबाधित प्रौढांवरची २०१०ची चाचणी पाहा. तिथे संशोधकांनी आधी रक्त तपासून ज्यांचे जस्त कमी आहे अशा २३१ जणांनाच निवडले आणि त्यांतल्या एका गटाला दीड वर्ष अगदी माफक मात्रा दिली, स्त्रियांना १२ आणि पुरुषांना १५ मिलिग्रॅम. प्रतिकारशक्ती कोलमडण्याची शक्यता चौपटीने कमी झाली आणि जुलाबाचे प्रमाणही निम्म्याहून खाली आले. एकेकाळी अशी भीती होती की विषाणूच्या स्वतःच्या प्रथिनांनाही जस्त लागते, तेव्हा रुग्णाला ते देणे म्हणजे शत्रूला रसद पुरवणे ठरेल. दक्षिण आफ्रिकेतल्या बाधित मुलांवरच्या अभ्यासात रक्तातले विषाणूंचे प्रमाण वाढले नाही आणि ती भीती मावळली. उणीव असलेले रुग्ण निवडा, गरजेपुरते द्या, पुरेसा काळ द्या, आणि मग निकाल बोलतो.

आता प्रश्न उरतो तो उणीव ओळखायची कशी, आणि इथे मी माझ्या जुन्या कामाच्या टेबलावर परत येते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे दोन ते तीन ग्रॅम जस्त असते. त्यातले बहुतेक स्नायू आणि हाडांत, आणि रक्तद्रवात एक टक्क्याहूनही कमी. आम्ही मोजतो ते या अत्यल्प अंशाला. नमुना सकाळी घेतला की संध्याकाळी, उपाशीपोटी की जेवणानंतर, यावर आकडा हलतो. साध्या नळीच्या रबरी बुचातूनही जस्त नमुन्यात उतरते, म्हणून या तपासणीसाठी वेगळी, जस्तमुक्त नळी लागते; ती कोणती हे रक्त काढणाऱ्या मुलाला ठाऊक नसेल तर अहवालातला आकडा रुग्णाचा कमी आणि बुचाचा जास्त असतो. लाल पेशींच्या आत जस्त भरपूर असते, त्यामुळे रक्त काढताना त्या फुटल्या की आकडा फुगतो. आणि रक्तातले जस्त मुख्यतः अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून फिरत असल्याने अल्ब्युमिन घटलेल्या म्हाताऱ्या, अशक्त रुग्णात आकडा आपोआप खाली दिसतो.

सगळ्यांत मोठी अडचण मात्र आजारपणाचीच आहे. संसर्ग झाला, ताप आला की शरीर स्वतःहून रक्तातले जस्त काढून घेते. इंटरल्यूकिन-६ या रेणूचा इशारा मिळाला की यकृताच्या पेशी झिप-१४ नावाचे दार उघडून जस्त आत ओढतात. शत्रू येतोय असे कळल्यावर मुलखातले धान्य गडावर नेऊन ठेवावे आणि खाली त्याच्या हाती काही लागू देऊ नये, तशी ही जुनी युक्ती आहे. कारण जिवाणूंना आणि बुरशींनाही वाढायला जस्त लागते. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल्स तर कॅलप्रोटेक्टिन नावाचे प्रथिन घेऊन संसर्गाच्या जागी जातात आणि तिथले जस्त व मँगनीज धरून ठेवतात, जेणेकरून जिवाणू उपाशी राहावेत. तेव्हा न्यूमोनियाने फणफणलेल्या रुग्णाच्या अहवालात जस्त कमी दिसले, तर ती उणीव आहे की शरीराने आखलेला डाव? नुसता आकडा याचे उत्तर देऊ शकत नाही. सूज दाखवणारी सीआरपी, अल्ब्युमिन, रुग्णाचा रोजचा आहार आणि आजाराआधीची प्रकृती हे सगळे एकत्र मांडल्यावर काहीसा अंदाज येतो. मला विचारणाऱ्यांना मी म्हणूनच आधी विचारते, “रक्त दिलं तेव्हा ताप होता का?” बहुतेकांना होता.

कोरोनाच्या काळात हे सारे भान सुटले. २०२०च्या उन्हाळ्यापासून प्रत्येक घरात व्हिटॅमिन सी, डी आणि झिंक यांच्या पट्ट्या आल्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर त्या छापील मजकुरासारख्या उमटू लागल्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचे वेळापत्रक फिरले. त्या दिवसांत हाताशी दुसरे काही नव्हते, तेव्हा कोणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. पुरावा आला तो नंतर. अमेरिकेत घरीच उपचार घेणाऱ्या २१४ रुग्णांच्या चाचणीत झिंक ग्लुकोनेट, जास्त मात्रेतले व्हिटॅमिन सी किंवा दोन्ही मिळून दिल्यानंतरही लक्षणे कमी व्हायला लागणारा काळ घटला नाही, आणि पुढे चालवण्यात अर्थ नाही म्हणून ती चाचणी मध्येच थांबवली गेली. हे फेब्रुवारी २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ट्युनिशियात ४७० रुग्णांपैकी एका गटाला १५ दिवस रोज दोनदा २५ मिलिग्रॅम जस्त दिले गेले, तेव्हा त्या गटात मृत्यू किंवा अतिदक्षता विभागात जाणे यांचे एकत्रित प्रमाण कमी झाले. दोन्ही चाचण्या व्यवस्थित होत्या. दोन ठिकाणची माणसे, त्यांच्या आजाराची तीव्रता आणि मोजलेला परिणाम वेगळा होता. २०२१मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार पसरला तेव्हा कोणीतरी झिंकच्या अतिवापराकडेही बोट दाखवले, कारण त्या बुरशीलाही जस्त लागते. ही शंका सिद्ध झाली नाही. अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड हीच मुख्य कारणे ठरली. पण ‘घेतले तर नुकसान काय’ हा प्रश्न त्या निमित्ताने प्रथमच थोड्या लोकांच्या मनात आला, हे बरेच झाले.

नुकसान असते. आतड्यातल्या पेशींत जस्त जास्त झाले की त्या मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन तयार करतात, आणि ते जस्तापेक्षाही घट्टपणे तांब्याला पकडून ठेवते. पेशी गळून पडली की पकडलेले तांबे विष्ठेतून निघून जाते. शरीरात तांबे साठण्याच्या विल्सन आजारात हाच गुण औषध म्हणून वापरला जातो. निरोगी माणसात मात्र तांबे घटले की रक्त कमी होते, पांढऱ्या पेशी कमी होतात आणि मज्जारज्जूला इजा होऊन चालताना तोल जाऊ लागतो. म्हणजे प्रतिकारशक्तीसाठी घेतलेली वस्तू पांढऱ्या पेशीच कमी करते. २००८च्या सुमारास अमेरिकेत अशा रुग्णांचा माग काढताना डॉक्टर कवळी चिकटवायच्या पेस्टपर्यंत पोहोचले. तिच्यात जस्त होते आणि ही माणसे ती वर्षानुवर्षे नळीच्या नळी वापरत होती. जास्त जस्ताने प्रतिकारशक्ती खालावते याचा दाखला म्हणून १९८४चा एक अभ्यास नेहमी दिला जातो. त्यात ११ निरोगी पुरुषांना सहा आठवडे रोज ३०० मिलिग्रॅम जस्त दिले आणि त्यांच्या लिम्फोसाइट्स या पांढऱ्या पेशींचा प्रतिसाद मंदावला. त्याचे लेखक रणजित कुमार चंद्रा यांचा पुढच्या काळातला एक गाजलेला शोधनिबंध मागे घेतला गेला, त्यामुळे मी या आकड्यावर फार भार टाकत नाही. तांब्याचा मुद्दा त्याच्याविनाही पुरेसा भक्कम आहे. प्रौढांसाठी दिवसाला ४० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानली जाते, आणि बाजारातल्या कित्येक गोळ्यांत प्रत्येकी ५० मिलिग्रॅम जस्त असते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशींनुसार आपल्याकडच्या पुरुषाला दिवसाला १७ आणि स्त्रीला सुमारे १३ मिलिग्रॅम जस्त लागते. हे आकडे अमेरिकेतल्या ११ आणि ८ यांपेक्षा बरेच मोठे आहेत, आणि त्याचे कारण आपल्या ताटात आहे. धान्य-कडधान्यांतले फायटेट नावाचे द्रव्य जस्ताला बांधून ठेवते आणि त्यातला बराच भाग शोषला न जाता निघून जातो. शिराझच्या त्या शेतकऱ्याची बिनखमिराची रोटी आणि आपली ज्वारी-बाजरीची भाकरी या बाबतीत एकाच जातीच्या. आंबवणे आणि मोड आणणे या दोन क्रियांनी फायटेट घटते. म्हणून आंबील, आंबोळी आणि मोड आलेली मटकी यांतले जस्त अंगाला अधिक लागते. मांस, मासे, अंडी, दूध यांतल्या जस्ताला ही अडचणच नाही. धान्यातच जस्त वाढवण्याचा मार्गही आपल्याकडे चोखाळला जात आहे: पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेल्या एमएसीएस ४०२८ या बन्सी गव्हात दर किलोमागे सुमारे ४० मिलिग्रॅम जस्त आहे, आणि महाराष्ट्रात प्रथम प्रसारित झालेल्या ‘धनशक्ती’ बाजरीत लोहाबरोबर जस्तही वाढवलेले आहे.

उणीव नेमकी किती जणांत आहे, हे पाहायला २०१६ ते २०१८च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणाचे आकडे उपयोगी पडतात. देशातली १ ते ४ वर्षांची १९ टक्के मुले आणि १० ते १९ वर्षांची तब्बल ३२ टक्के मुले-मुली जस्तात कमी निघाली. किशोरवयाकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि नेमके तिथेच हे प्रमाण सर्वांत जास्त. दुसऱ्या टोकाला म्हातारपण आहे. बोस्टनच्या ३३ वृद्धाश्रमांतल्या रहिवाशांचा २००७चा अभ्यास सांगतो की ज्यांच्या रक्तातले जस्त पुरेसे होते त्यांना न्यूमोनिया कमी झाला आणि प्रतिजैविकेही कमी लागली. तो निरीक्षणाचा अभ्यास होता, जस्त कमी म्हणून न्यूमोनिया झाला की एकूणच खंगलेल्या माणसात दोन्ही एकत्र आले, हे त्यावरून ठरत नाही. त्याच वर्षी प्रसाद यांनी ५५ ते ८७ वयाच्या ५० जणांपैकी एका गटाला वर्षभर रोज ४५ मिलिग्रॅम जस्त देऊन संसर्ग कमी झाल्याचे दाखवले, पण ५० ही संख्या लहान आहे. घरातल्या कमी जेवणाऱ्या, दात नसलेल्या, चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्या आजी-आजोबांना डॉक्टरांच्या सल्ल्याने माफक मात्रेत जस्त द्यायला माझी हरकत नसते. त्यांच्या जेवणाकडे आधी पाहावे, एवढेच मी सुचवते.

ज्या मुलांसाठी ही गोळी सिद्ध झाली त्यांच्यापर्यंत ती अजून नीट पोहोचलेली नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे ६० टक्क्यांना ओआरएस मिळाले, जस्त मात्र सुमारे ३० टक्क्यांनाच. मिळाले तरी चौदा दिवस पूर्ण होत नाहीत, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी जुलाब थांबतात आणि गोळीचा उग्र, तुरट धातूचा स्वाद मुलाला सोसत नाही. कित्येक मुले घेतल्याबरोबर ओकून टाकतात. ओकारीची ही साधी तक्रार गांभीर्याने घेऊन भारत आणि टांझानियात ४,५०० मुलांवर एक चाचणी झाली, जिचे निष्कर्ष २०२०मध्ये आले. २०ऐवजी १० किंवा नुसते ५ मिलिग्रॅम जस्त दिले तर काय होते, एवढाच प्रश्न. जुलाबावरचा परिणाम कमी मात्रेनेही जवळपास तेवढाच राहिला, आणि गोळीनंतर अर्ध्या तासात ओकणाऱ्या मुलांचे प्रमाण २० मिलिग्रॅमच्या गटातल्या १९ टक्क्यांवरून ५ मिलिग्रॅमच्या गटात १४ टक्क्यांच्या आत आले.